कादंबरीच्या दारात घागरींची रांग

वाचनालयाच्या खिडकीत बसलेल्या बाईला वाचकाचा हात आधी दिसतो, तोंड नंतर. हळदीचा हात, पिठाचा हात, आडतीवरची धूळ बसलेला हात, तंबाखू मळून नुकताच झटकलेला हात. लातूरला नगरपालिकेच्या एका जुन्या दगडी इमारतीत आमचं वाचनालय होतं आणि त्याची खिडकी बेताची होती. त्यामुळे मी निम्म्या लातूरला हातावरून ओळखते. बाजारात कुणी समोरून नमस्कार केला तर मला नाव आठवत नाही, पण त्यानं पैसे द्यायला हात पुढं केला की लगेच आठवतं. हा भुताखेतांच्या गोष्टी नेणारा.

लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे दिवसभर पंख्याखाली बसून वाचणारी बाई. आमच्या विहाराजवळच्या गल्लीतून पगारावर जाणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे तिथं तर याचं फारच कौतुक. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्या सुनंला पगार देऊन वाचायला बसीवलंय." मग पाहुणे माझ्याकडे जत्रेतल्या दोन तोंडांच्या वासराकडे बघावं तसे बघायचे. मीही मान जरा ताठ करून घ्यायची. वासराचा मान रोज कुठं मिळतो?

खरं काम वेगळं असतं. निसटलेल्या पानांसाठी खळ शिजवावी लागते. गव्हाच्या पिठाची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. परत आलेलं पुस्तक उलटं धरून झटकावं लागतं. त्यातून एसटीचं तिकीट पडतं, केसांची पिन पडते, चिंचोका पडतो, कढीपत्त्याचं वाळकं पान पडतं. वाचक तोंडानं "लई छान हाय" म्हणत असतो, पण पुस्तक खोटं बोलत नाही. दहाव्या-बाराव्या पानापर्यंत शेंगदाण्याची फोलपटं सापडली आणि पुढं सगळी पानं स्वच्छ निघाली, की समजायचं, पुस्तक तिथंच वारलं. याउलट शेवटच्या पानांवर करपलेल्या भाकरीचा वास आला, तर लेखकाला खुशाल नमस्कार करावा. त्याच्यामुळे एका घरात तवा विसरला गेला.

पण सगळ्यात अवघड काम म्हणजे मागितलेलं पुस्तक ओळखणं. नांदेडला मी ग्रंथपालनाचा वर्ग केला. तिथं शिकवलं होतं की प्रत्येक पुस्तकाला विषयाप्रमाणे क्रमांक असतो. लातूरच्या खिडकीत बसल्यावर कळलं की पुस्तकाला क्रमांक नसतो, नाव नसतं, लेखक तर नसतोच. "ती बहिणीला फशिवती ती द्या." "मागल्या खेपेला माझ्या जावंनं नेलेली, जाडी." "ज्यात म्हातारा मरंना मरंना होतो ती." मी खुर्चीवरून न उठता सांगायचे, तिसरं कपाट, खालचा कप्पा, डावीकडून. आता आमच्याकडे संगणक आहे. त्याला "मरंना मरंना" असं घातलं तर तो गप्प बसतो. हॉलमध्येही आता परीक्षांची तयारी करणारी मुलं बसतात. गुणी मुलं आहेत, पण एकमेकांना कधी काही सांगत नाहीत. जागा पटकावल्यासारखी पुस्तकावर वाकून बसतात. आमचे जुने वाचक पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त वेळ त्यावर भांडण्यात घालवायचे. मला त्याची फार चुटपूट लागते.

त्या भांडणाऱ्यांतले दोघं तुम्हाला आधी दाखवते, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावाचून उभी राहत नाही.

पहिले महालिंगअप्पा. आडतीचे व्यापारी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगात पांढरंशुभ्र धोतर-सदरा. रोज दुपारी यायचे आणि कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायचे. ते पटलं तर पुस्तक घरी न्यायचे, नाही तर तिथंच परत. मी एकदा म्हटलं, "अप्पा, मग वाचण्यात मजा काय राहिली?"

"बाई," अप्पा म्हणाले, "पोत्यात खाली काय हाय ते बघितल्याबिगर मी तूर घेत न्हाई. ही तर कादंबरी."

यामुळे अप्पांना वाचनालयातल्या सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट माहीत होते आणि बाकीचं फारसं काही माहीत नव्हतं. हॉलमध्ये कुणी रंगून वाचत असलं की अप्पा शेजारी बसून हळूच विचारायचे, "सांगू का?" चांगली चांगली माणसं पुस्तक छातीशी धरून पळायची.

दुसरी सोजरबाई. डाळमिलमध्ये कामाला होती, चौथी शिकलेली. हात कायम तुरीच्या भुकटीनं पिवळे. जेवणाच्या सुट्टीत ती मिलमधल्या बायकांना कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची, आणि वाचताना स्वतःच्या मर्जीनं गाळायची. "नदी, डोंगार, झाडं आली की मी पान उलटते," तिनं मला सांगितलं. "हितं प्यायला पाणी न्हाई, अन् ह्यो बाबा दोन दोन पानं हिरवं हिरवं सांगून राहिलाय. बाया बेजार होतेत."

कारण तेव्हा दुष्काळ होता. आणि त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झालं होतं. या दोन्ही गोष्टी एकदम आल्या आणि गावाची मोठी गंमत झाली. एकीकडे आपण आता जिल्ह्याचं ठिकाण म्हणून छाती फुगलेली, दुसरीकडे जिल्ह्याच्या ठिकाणचे लोक घागरी घेऊन टँकरमागं धावताहेत. नळाला पाणी आलं तर बातमी व्हायची. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. मी खळसुद्धा पेलाभर पाण्यात हिशेबानं शिजवायचे.

टँकर चालवायला बाहेरून माणसं आणली होती. त्यातला एक पोशट्टी, देगलूरकडचा. घरात तेलुगू, शाळा मराठी, बोलणं दोन्हीचं कालवण. एका दुपारी त्याचा भला मोठा हात खिडकीत आला, वंगणाचा.

"अम्मा, एक नवल द्या."

मला वाटलं, बरा जिज्ञासू ड्रायव्हर आहे. मी त्याला जगातली नवलं सांगणारं चित्रांचं पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत.

"अम्मा, ह्यात निसती बिल्डिंगा हायत. गोष्टच न्हाई."

"तुम्हीच नवल मागितलंत की."

"हाव. नवल. मोटी गोष्ट असती ती. आमच्याकडं नवलच म्हणतेत."

असा तो घोटाळा होता. तेलुगूत कादंबरीला नवल म्हणतात हे नांदेडच्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मी त्याला खरं नवल दिलं आणि तेव्हापासून पोशट्टी आमचा झाला. भरण्याच्या विहिरीवर टँकरांचा नंबर लागायला आणि टाकी भरायला फार वेळ जायचा. तेवढ्या वेळात केबिनमध्ये पाय वर घेऊन तो वाचायचा. अक्षरं जुळवत, ओठ हलवत, सावकाश.

आता ती कादंबरी. तिचं नाव मी इथं सांगणार नाही, नाहीतर तुम्हीही याल आणि प्रत तर कधीच झिजून गेली. आमच्याकडे तिला सगळे "विहिरीची" म्हणायचे. त्यात एक सून घरच्या जाचाला कंटाळून विहिरीत उडी मारते, तर विहिरीत पाणीच नसतं. दुष्काळ. पाय मुरगळतो, बाकी बाईला काही होत नाही. ती तळाशी बसून राहते आणि वर काठावर गाव जमतं. कोण तिच्याबद्दल काय बोलतं, कोण खरं रडतं, कोण दागिन्यांचं विचारतं, ते सगळं तिला खाली ऐकू येतं. ती मात्र हाक मारत नाही. सबंध कादंबरीभर प्रश्न एकच, ती हाक मारणार की नाही?

त्या वर्षी लातूरला ही कादंबरी म्हणजे कोरड्या गवतात काडी. प्रत एकच. आणि आमचा नियम असा, की पुस्तक परत येईल तेव्हा खिडकीशी जो उभा असेल त्याला मिळेल. त्यामुळे भांडणं. सोजरबाई मिल सुटल्यावर धावत यायची आणि दर वेळी पुस्तक नुकतंच गेलेलं असायचं. गोष्ट मात्र ऐकून ऐकून तिला निम्मी पाठ झाली होती.

याच दिवसांत वाचनालयावर कुऱ्हाड आली. नवा जिल्हा म्हटला की नवी कार्यालयं आली, आणि कार्यालयांना जागा पाहिजे. सगळ्या गावात साहेबलोक रिकामे हॉल शोधत फिरत होते. अप्पा आमच्या समितीवर होते. त्यांनी एक दिवस माझ्यासमोर बसून, शेवटचं पान न चाळता, म्हणजे गंभीर होऊन सांगितलं, "बाई, आपल्या हालवर एका साहेबाचा डोळा हाय. दुष्काळात कोण वाचतंय, हाल रिकामाच पडलेला असंल, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलंय. परवा येऊन मोजमाप घेणार."

"आणि पुस्तकं?"

"पोत्यात. नगरपालिकेच्या गोदामात. वर पत्रा, खाली घुशी."

"आणि मी?"

अप्पा उठून धोतर झटकायला लागले. ज्या माणसाला प्रत्येक गोष्टीचा शेवट माहीत असतो, तो गप्प बसला की फार भीती वाटते.

साहेब यायच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले. टेबलं पुसली, वर्तमानपत्रं लावली. वाचक यावेत म्हणून कुणाकुणाला निरोप दिले होते, पण त्या दिवशी चौकात टँकर येणार असल्याची वार्ता होती. कोण येणार? हॉल खरंच रिकामा होता. खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या.

इतक्यात सोजरबाई आली. डोक्यावर घागर, रिकामी.

"विहिरीची आली का?"

"नाही. पोशट्टीकडं आहे."

"त्यो कवा आणून देतोय?"

"आज देतो म्हणालाय."

तिनं जरा विचार केला. मग घागर खिडकीखाली, अगदी भिंतीला लावून ठेवली. "ह्यो माझा नंबर. मी मिलला जाऊन येते."

बाहेरच्या वाचकांना हे समजावून सांगायला हवं. टँकरच्या रांगेत माणूस दिवसभर उभा राहू शकत नाही, म्हणून घागर उभी राहते. घागर म्हणजे माणूस. ती कुणीही हलवायची नाही. मारामारी झाली, डोकी फुटली, तरी दुसऱ्याची घागर मागं सारायची नाही. गावात कसलाही कायदा त्या वर्षी इतका कडक पाळला गेला नसेल. पण कादंबरीसाठी घागर लावायचं डोकं सोजरबाईचंच.

ती गेली. मागोमाग मिलमधल्याच दोघीजणी आल्या, त्यांनी घागर ओळखली आणि आपल्याही घागरी तिच्यामागं लावल्या. विहिरीच्या कादंबरीसाठी. मग एक म्हातारी रस्त्यानं चालली होती, ती थबकली.

"टँकर हितं येणारय का गं?"

मी खिडकीत होते. खरं सांगायला माझं तोंड उघडलंही होतं. पण मागं तो रिकामा हॉल होता, दुपारी साहेब यायचे होते आणि समोर तीन घागरींची सुरेख रांग होती. मी तोंड मिटलं. आणि उघडलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आजी, मला काय माहीत? लोकांनी नंबर तर लावलाय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

म्हातारीनं घागर ठेवली. मग तिच्या शेजारणीनं. मग कुणी हंडा आणला, कुणी डबा, कुणी दोरी बांधलेलं पत्र्याचं पिंप. दुपारपर्यंत रांग खिडकीपासून निघून लिंबाच्या झाडाला वळसा घालून कोपऱ्यापलीकडं गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मग बायका सावलीला म्हणून आत आल्या. आत आल्या म्हणून खुर्च्यांवर बसल्या. बसल्या म्हणून, हाताला काही नव्हतं म्हणून, पुस्तकं उघडली. ज्यांना येत नव्हतं त्या दुसरीला म्हणाल्या, "वाच की मोठ्यानं." अप्पा नेहमीच्या वेळी आले, दारातच थांबले आणि माझ्याकडं बघून फक्त एक भुवई वर केली. मी दुसऱ्या बाजूची वर केली.

सोजरबाई मिलमधून परतली, आणि तेवढ्यात पोशट्टी आला, टँकर घेऊनच. त्याला चौकात जायचं होतं. जाता जाता पुस्तक द्यावं म्हणून वळला होता. रांग बघून तो केबिनमधून अर्धा बाहेर आला.

"अम्मा, ह्या सगळ्या नवलासाठी उब्या हायत?"

"निम्म्या नवलासाठी, निम्म्या पाण्यासाठी."

त्यानं क्षणभर डोकं खाजवलं. "मग दोनी हितंच देतो. चौकात तरी कोन हाय? सगळं गाव तर हितं हाय."

आणि नेमके तेव्हाच साहेब आले. बरोबर शिपाई, त्याच्या हातात मोजायची फीत. साहेब कोकणातले, नवे, स्वभावानं सरळ वाटले. रिकामी इमारत बघायला आलेल्या माणसाला दारात टँकर, शे-दोनशे घागरी आणि आत बायकांचा गलका दिसला. ते जरा मागं सरकले.

"आधी बाहेरून घे," ते शिपायाला म्हणाले. शिपायानं भिंतीला फीत लावली. वाटेत सोजरबाईची घागर होती. त्यानं ती उचलायला हात घातला.

"ठिव तिथं."

सोजरबाई ओरडली नाही. हळूच म्हणाली. पण सगळी रांग वळून बघायला लागली, हॉलमधल्या बायका दारात आल्या, पोशट्टीनं पाण्याचा पाइप खाली ठेवला. शिपाई गावचाच होता. त्याला कळलं. त्यानं हात असा काढला, जणू घागर चुलीवर होती.

"मावशी, जरा बाजूला घ्या ना," साहेब म्हणाले. "पाणी भरून झालं की उचलालच की."

"पाण्याची न्हाई ती, साहेब."

"मग?"

"कादंबरीची."

साहेबांनी आधी शिपायाकडं बघितलं, मग अप्पांकडं, मग माझ्याकडं. मी तोंड शक्य तितकं सरकारी ठेवलं.

"कोणती कादंबरी?" त्यांनी विचारलं.

झालं. एवढंच कुणी विचारायची खोटी होती. सोजरबाईनं उडीपासून सुरुवात केली. दुसरीनं दागिन्यांचा प्रसंग घुसडला. तिसरी म्हणाली, तिनं हाक मारायला नको, ऐकत बसावं, सगळ्यांची खरी तोंडं तरी कळतील. सोजरबाई म्हणाली, "येडी हायस का? खाली बसून राह्यलीस तर तोंडं कळून उपयोग काय?" म्हातारीला वाटत होतं की सासूनंच आता उडी मारावी. पोशट्टी पाइप परत उचलून म्हणाला की नवरा वाईट न्हाई, भित्रा हाय, त्याला आजून येळ द्या. त्याच्या अंगावर चार बाया एकदम धावून गेल्या. घागरी भरत होत्या आणि भांडण चाललं होतं. साहेब मधे उभे, एकदा हिच्याकडं बघताहेत, एकदा तिच्याकडं.

"पण मग येते का ती वर?" त्यांनी शेवटी विचारलं.

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्यांनी वाचली होती त्याही.

अप्पा पुढं झाले. घसा खाकरला. "सांगू का?"

"अप्पा, गप बसा," निम्मी रांग एका आवाजात म्हणाली. अप्पांचं सबंध जन्मातलं हे सगळ्यात मोठं यश असावं. तृप्त चेहऱ्यानं ते मागं सरले.

साहेबांनी हॉलमध्ये एक चक्कर मारली. खुर्च्या भरलेल्या होत्या. मुलं मांडीवर, पुस्तकं हातात, कुणी उलटं धरलेलंही असेल, मी बघायला गेले नाही. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "बाई, हे रोज असंच असतं?"

"रोज काय असतं ते मी कसं सांगू, साहेब? पण टँकर आता इथंच उभा राहील. लोकांची सवय झाली."

ते हसले. हुशार माणूस होता, बरंचसं ओळखलं असणार. पण दुष्काळाच्या वर्षात घागरींची रांग उठवायला लावणारा साहेब उद्या मोर्चाला तोंड देतो, हेही त्यांना ओळखता येत होतं. त्यांनी शिपायाला फीत गुंडाळायला सांगितली.

"काय लिहू, साहेब?" शिपायानं विचारलं.

"लिही, जागा रिकामी नाही."

मी तोंड सरकारीच ठेवलं.

जीपकडं निघालेले साहेब अर्ध्यातून परत आले. आवाज जरा खाली आणून म्हणाले, "ती विहिरीची. दोन दिवसांसाठी मिळेल का? लवकर परत करीन."

पोशट्टीनं तेवढ्यात पुस्तक माझ्या हातात दिलेलं होतं. ते तिथंच, आमच्या दोघांच्या मधे, टेबलावर पडलं होतं. मी काही बोलायच्या आत खिडकीतून एक पिवळा हात आला आणि त्यानं ते उचललं.

"देऊ की साहेब," सोजरबाई म्हणाली. "पण आधी घागर आणा."

दुसऱ्या दिवशी मी कुलूप काढायला गेले तेव्हा रांगेच्या टोकाला एक लखलखीत पितळी कळशी होती, एकही पोचा नसलेली. शेजारी शिपाई उभा. तो अवघडून सोजरबाईशी बोलत होता.

"मावशी, साहेबांच्या घरची हाय. थोडी पुढं सरकवली तर चालंल का?"

सोजरबाईनं कळशीकडं बघितलं, रांगेकडं बघितलं.

"हितं घागरी हलवत नसतेत," ती म्हणाली आणि मिलला निघून गेली.

कळशी जागची हलली नाही. वाचनालयही नाही.